सिनेमातल्या मुलीसाठी प्रार्थना

आमच्या चर्चची अख्खी मंडळी माझ्या दादाला देवमाणूस म्हणते. म्हणू दे. देवमाणसाची बहीण होऊन बघा म्हणावं एकदा. देवमाणूस तोंडातून अवाक्षर काढत नाही, आणि त्याच्या वाटची भांडणं घरातल्या दुसऱ्या कुणालातरी भांडावी लागतात. आमच्याकडे ते काम माझ्याकडे आहे. अठ्ठावन्न वर्षांची झाले तरी दादा मला छोटीच म्हणतो आणि भांडणं मात्र सगळी मोठी येतात माझ्या अंगावर.

दादा कुलपं दुरुस्त करतो आणि किल्ल्या बनवतो. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. तो स्टुलावर बसला की गिऱ्हाइकाला रस्त्यावरच उभं राहावं लागतं. भिंतीवर खिळ्यांना शेकडो कोऱ्या किल्ल्या, समोर घासायचं मशीन, आणि शर्टावर कायम पितळेचा पिवळा भुसा. दार ओढलं गेलं आणि किल्ली आत राहिली की आमच्या भागातली निम्मी माणसं त्यालाच फोन करतात. रविवारी तो चर्चमध्ये मोठ्या मुलांचा बायबलचा वर्ग घेतो, गेली सव्वीस वर्षं. मुलं त्याला किल्लीसर म्हणतात. ज्यांना त्यानं शिकवलं त्यांची मुलं आता त्याच्यापुढे बसतात. वहिनी गेल्यापासून त्याला त्या वर्गाशिवाय दुसरं काही उरलेलं नाही, हे मी बहीण म्हणून सांगते.

म्हणजे नव्हतं उरलेलं. मग हे पिक्चर सुरू झाले.

वहिनी जाऊन दोन-तीन महिने झाले असतील. शनिवारी दुपारी दोनला हा दुकानाचं शटर ओढून घ्यायचा आणि तीनच्या शोला जाऊन बसायचा. पिक्चर कसले, तर भुताखेतांचे. त्यातही याची आवड अशी, की साधं भूत चालत नाही. ओसाड बंगला, झपाटलेली गाडी, असलं काही लागलं असेल तर तो पोस्टर बघून घरी येतो. त्याला पाद्री पाहिजे, क्रूस पाहिजे आणि पलंगावर तडफडणारं कुणीतरी पाहिजे. तीन वर्षांत यानं असा एक पिक्चर सोडला नाही. चांगला असला तर तोच दोनदा बघायचा.

माझ्या डोक्यात तिडीक जायची. "अरे, माणसं बायको गेल्यावर दारू पितात, हिंडतात, दुसरं लग्न करतात. तू हे काय काढलंयस? उद्या मुलांच्या आईबापांच्या कानावर गेलं तर?"

"जाऊ दे," तो म्हणायचा.

हे "जाऊ दे" ऐकून ऐकून माझा रक्तदाब वाढलाय, डॉक्टर मिठाला दोष देतात.

आता माझं काम सांगते, कारण सगळी भानगड तिथूनच झाली. मी शाळेच्या ऑफिसात टायपिंग केलं आयुष्यभर, म्हणून मंडळीची चिटणीसही मीच. चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी आहे. ज्याला प्रार्थना हवी त्यानं चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची. शनिवारी सकाळी मी पेटी उघडते, चिठ्ठ्यांची यादी टाइप करते, आणि रविवारी उपासनेत पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, ती वाचतात. मग सगळी मंडळी एकेका विषयासाठी प्रार्थना करते.

लोक चिठ्ठीत वाट्टेल ते लिहितात. मी ते जरा नीटनेटकं करते. 'नवरा पिऊन मारतो' असं आलं की मी 'कौटुंबिक शांतीसाठी' असं टाइप करते. 'मुलगा तुरुंगात आहे' याचं 'दूर असलेल्या एका तरुणासाठी' होतं. उगाच कुणाची अब्रू चव्हाट्यावर का आणा? तेवीस वर्षांत माझ्या यादीमुळे कुणाला खाली बघावं लागलं नाही, याचा मला अभिमान होता.

तर एका शनिवारी पेटीत दादाच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली. "बारा वर्षांची एक मुलगी. तिला खोलीच्या कोपऱ्यात कुणीतरी उभं दिसतं. आई एकटी आहे. त्यांच्याकडे एक पाद्री येतो. त्यानं तिला सोडून उठू नये म्हणून त्याला बळ मिळावं."

मला वाटलं, असेल कुठलं गिऱ्हाईक. कुलपं उघडायला हा दहा घरांत शिरतो, काय काय बघत असेल. चिठ्ठी परक्या घरची होती, आपल्यापैकी कुणाचं नाक कापलं जाणार नव्हतं, म्हणून मी एक अक्षर न बदलता टाइप केली.

रविवारी पाळकसाहेबांनी ती वाचली आणि सगळं चर्च चिडीचूप झालं. मागच्या बाकावरच्या कुजबुजणाऱ्या बायकासुद्धा गप्प. अशी प्रार्थना मी आमच्या मंडळीत फार वर्षांत ऐकली नव्हती. पुढच्या रविवारी पुन्हा चिठ्ठी. तिसऱ्या रविवारी पुन्हा. तोवर महिला मंडळानं त्या मुलीसाठी स्वेटर विणायला घेतला होता. अध्यक्षीणबाईंनी उपासनेनंतर दादाला गाठून विचारलं, "किल्लीसर, मुलगी अंगानं कशी आहे हो? बाह्या किती लांब ठेवू?" आणि हा गृहस्थ म्हणाला, "बारीक आहे." पाळकसाहेब पत्ता मागत होते. दादा म्हणायचा, "मी विचारून सांगतो."

मला कौतुक वाटत होतं. खरंच सांगते. मी त्याला म्हटलंसुद्धा, "दादा, हे छान केलंस."

त्यावर तो म्हणाला, "छोटी, तू एकदा माझ्याबरोबर पिक्चरला ये."

गेले. म्हटलं, एकदाचं बघू तरी काय असतं ते.

थिएटर अर्धं रिकामं होतं. पिक्चर सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच पडद्यावर एक दार धाडकन बंद झालं, आणि हा माझ्या कानात म्हणाला, "खोटं आहे. ते कुलूप बाहेरून किल्ली फिरवल्याशिवाय लागतच नाही." मग पाद्री आला. "बघ, क्रूस कसा धरलाय. नळाचा पाना धरतात तसा." मग सैतानाचा आवाज सुरू झाला आणि तो काही थांबेना. दादा चरफडायला लागला. "दर वेळी हेच. सैतानाला पानंच्या पानं बोलायला देतात. देवाला एक ओळ नाही. यांच्या पिक्चरमध्ये देव म्हणजे नुसती पाण्याची बाटली आणि लाकडाचा तुकडा."

"मग मरायला येतोस कशाला?" मी म्हटलं.

"थांब गं, आता येईल."

आणि पडद्यावरच्या मुलीनं खोलीच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

बारा वर्षांची मुलगी. एकटी आई. दाराशी पाद्री. मी दादाकडे वळले, तर हा डोळे मिटून, हात जोडून पुटपुटतोय. आधी वाटलं घाबरला. मग ऐकलं. हा त्या मुलीसाठी प्रार्थना करत होता.

"दादा! अरे नटी आहे ती!"

"ठाऊक आहे."

"पैसे घेऊन ओरडतेय ती! रंग लावलाय तोंडाला!"

"ठाऊक आहे गं. पण तिच्या घरात बघ ना, कुणाला प्रार्थनाच येत नाही."

मी त्याला कोपरानं ढोसलं. पुढच्या खुर्चीवरच्या माणसानं वळून "काका, जरा हळू" म्हटलं. मी त्याची माफी मागितली आणि उरलेला वेळ लाजेनं खुर्चीत रुतून बसले. शेवटी काही ती मुलगी सुटली नाही. पाद्री तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसला, आणि पुढचा भाग लवकरच, अशी पाटी आली. लोक उठून गेले. दादा झाडूवाले आत येईपर्यंत बसून होता.

बाहेर येऊन मी रस्त्यातच त्याला धारेवर धरलं. "तीन रविवार! दीडशे माणसांनी गुडघे टेकले एका पिक्चरसाठी! तो स्वेटर कुणाच्या अंगात घालायचा आता? माझ्या?"

"सांगणार होतो."

"कधी? तो स्वेटर धुवून वाळल्यावर?"

मला त्याचा इतका राग आला होता की मी दुसऱ्या बसनं घरी गेले.

झाकून ठेवायचं म्हटलं तरी राहणार होतं थोडंच? त्याच्याच वर्गातल्या एका मुलीनं तो पिक्चर मोबाइलवर बघितला आणि जेवताना घरी सांगितलं. तिचे वडील दातांचे डॉक्टर, आणि आमच्या मंडळीच्या पंचांपैकी एक. पुढच्याच रविवारी उपासनेनंतर मागच्या खोलीत पंचांची बैठक लागली. एका बाजूला घडीच्या खुर्च्यांची चळत, टेबलावर पाण्याचा जग, आणि इतिवृत्त लिहायला चिटणीस. म्हणजे मी. माझ्या सख्ख्या भावाची खरडपट्टी, आणि ती सुवाच्य अक्षरात लिहायची मी.

पाळकसाहेब तसे वाईट नाहीत. पंचेचाळिशीचे, सतत घाईत, तीन ठिकाणच्या उपासना एकट्यानं सांभाळतात. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता. "काका, तुम्ही मला सगळ्यांसमोर तोंडावर पाडलंत. मी त्या मुलीसाठी एक दिवस उपास केला. खरा उपास."

"चुकलं माझं," दादा म्हणाला. "तुम्हाला फसवायला नको होतं."

"ही देवाची थट्टा आहे," दातांचे डॉक्टर म्हणाले. "आणि असला माणूस आमच्या मुलांना शिकवतो? त्या पिक्चरांत आपल्या धर्माचा नुसता तमाशा करतात. क्रूसाचं खेळणं करून ठेवलंय. एका विश्वासी माणसाला त्यात आवडण्यासारखं काय सापडतं?"

गंमत बघा, यातलं निम्मं दादाच थिएटरात बोलला होता. मी वाट बघत होते. आता बोलेल, मग बोलेल. सव्वीस वर्षं मुलांना शिकवलंस, दोन वाक्यं स्वतःसाठी बोल ना बाबा! हा आपला पितळ लागलेल्या नखांकडे बघत मूग गिळून बसलेला. मला वाटलं, हातातलं पेन त्याच्या डोक्यात हाणावं.

शेवटी पाळकसाहेबांनीच वाट काढली. दादानं मंडळीसमोर माफी मागायची आणि हे पिक्चर बंद करायचे. मग वर्ग त्याच्याकडेच राहील. इतकं सोपं! 'हो' म्हणायचं आणि शनिवारी घरी झोपायचं.

"माफी मागतो," दादा म्हणाला. "पिक्चर बंद नाही करत."

"अरे, हो म्हण ना!" मी ओरडले. चिटणिसानं मध्ये बोलायचं नसतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"खोटं कसं बोलू, छोटी? पुढच्या शनिवारी जाणार आहे मी."

"पण काका, असं आहे तरी काय त्यात?" पाळकसाहेबांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळत नव्हतं.

दादानं थोडा विचार केला. "त्यातला पाद्री बसून राहतो," तो म्हणाला. "बाकी सगळं चुकीचं दाखवतात. पण तो उठून जात नाही."

कुणाला काही अर्थबोध झाला नाही. मलाही नाही. पाळकसाहेबांनी घड्याळ बघितलं, त्यांना पुढच्या उपासनेला पोचायचं होतं. दादाचा वर्ग काढून घेतला, आणि तसं मी लिहिलं. त्याचं ते वाक्यही लिहिलं, निव्वळ रागानं.

घरी न जाता तो सरळ दुकानात गेला. रविवारचं दुकान बंद असतं, तरी शटर अर्धं वर करून स्टुलावर जाऊन बसला. मी बाहेर गिऱ्हाइकासारखी उभी. "आता तरी सांग," म्हटलं. "कशासाठी घालवलास वर्ग? कुठल्या पाद्र्यासाठी? रंग लावलेल्या कुठल्या नटासाठी?"

त्यानं एक कोरी किल्ली हातात घेतली आणि फिरवत बसला.

"हिला शेवटी-शेवटी कोपऱ्यात कुणीतरी दिसायचं," तो म्हणाला. हिला म्हणजे वहिनीला. "तुला आठवतं?"

आठवत होतं. हॉस्पिटलात, दुपारी भेटायच्या वेळेत. वहिनी कपाटाशेजारच्या कोपऱ्याकडे बघत राहायची आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायची. मीच म्हणाले होते, "वहिनी, औषधांनी होतं असं. काही नाहीये तिथे." पाळकसाहेब आले होते, त्यांनीही तेच सांगितलं, "भिऊ नका, ताई, तिथे काही नाही." प्रार्थना करून ते गेले. त्यांना एका लग्नाला पोचायचं होतं.

"सगळ्यांनी सांगितलं, काही नाही," दादा म्हणाला. "मीपण सांगितलं. आणि मग मी चहाला गेलो. चहा नको होता मला. तिचे डोळे बघून मलाच भीती वाटली, म्हणून गेलो. परत आलो तर संपलं होतं. तिथे कुणी होतं की नव्हतं, मला काय ठाऊक? पण जे होतं ते ती एकटी बघत होती." किल्ली त्यानं परत खिळ्याला लावली. "त्या पिक्चरांत निदान एकजण असा असतो, की मुलगी म्हणते कोपऱ्यात कुणीतरी आहे, तर तो म्हणतो, बरं, मी बसतो इथे. हे बघायला जातो मी. म्हणून त्या पोरीसाठी चिठ्ठी टाकली. हिच्यासाठीसुद्धा टाकली होती तेव्हा."



टाकली होती. मला ती चिठ्ठी लख्ख आठवली, कारण ती वाचून मी घाबरले होते. "माझी बायको घाबरली आहे. तिला कोपऱ्यात कुणीतरी दिसतं. मला एकट्याला झेपत नाही. तिच्याजवळ बसायला कुणीतरी यावं." तेव्हा मला वाटलं होतं, लोक काय म्हणतील? किल्लीसरांच्या बायकोला मरताना सैतान दिसतो म्हणतील. घराण्याचं नाव जाईल. मी टाइप केलं होतं, 'एका आजारी भगिनीसाठी, आरोग्य मिळावं म्हणून.' मंडळीनं अर्धा मिनिट प्रार्थना केली आणि पुढचा विषय घेतला. चिठ्ठी मी फाडून टाकली.

"दादा, ती मी..."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "मी बसलो होतो ना बाकावर, ऐकलं. बरंच केलंस. लोक बोलले असते."

तीन वर्षं! तीन वर्षं हा माणूस हे जाणून होता, आणि रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन जेवत होता. त्यानं माझ्या एक थोबाडीत दिली असती तर मला बरं वाटलं असतं. ज्या बायकांनी पिक्चरमधल्या पोरीच्या बाह्यांचं माप विचारलं, त्या वहिनीजवळ पाळ्या लावून बसल्या असत्या. वेळापत्रक करून बसल्या असत्या, मी ओळखते त्यांना. त्यांना कुणी सांगितलंच नाही. मी सांगू दिलं नाही.

त्या आठवड्यात यादी टाइप करायला बसले तेव्हा वाटलं, आता तरी ती चिठ्ठी होती तशी घालावी. पण आमच्यात गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत, आणि जिवंत होती तेव्हा मी करू दिली नाही. पेटीत त्या दिवशी एकच चिठ्ठी होती. 'नवरा पिऊन मारतो.' मी ती तशीच्या तशी टाइप केली आणि खूप वेळ यंत्रापुढे बसून रडले.

मग पर्स उचलली आणि दुकानावर गेले. दादा शटर ओढतच होता.

"दोन तिकिटं काढ," मी म्हटलं.

"तुला आवडत नाही गं."

"नाहीच आवडत. चल."

त्या शनिवारी नवा पिक्चर लागला होता. पहिल्यापेक्षाही भिकार. दारं आपोआप आपटत होती, पाद्री वेगळा असूनही क्रूस पान्यासारखाच धरत होता, आणि सैतानाची बडबड चालूच होती. या वेळी पलंगावर मुलगी नव्हती, एक म्हातारी होती. अर्धा पिक्चर झाल्यावर तिनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि कोपऱ्याकडे बघितलं. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. शेजारी दादा डोळे मिटून पुटपुटायला लागला. मी त्याचा हात धरला आणि प्रार्थना सुरू केली. पुटपुटायची मला सवय नाही, माझा आवाज मोठा आहे.

पुढच्या खुर्चीवरची बाई वळली. "काकू, हळू ना जरा. आम्हाला पिक्चर बघू द्या."

"तुम्ही बघा," मी म्हटलं. "आम्ही तिच्याजवळ बसलोय."